वाकळीचा घास

बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं आणि आत शेडमध्ये अनसाबाईच्या मांडीला गारवा लागत होता. मांडीवर वाकळ होती. हातभर लांब, वीतभर रुंद, राखाडी रंगाची, नाड्यांनी कंबरेला बांधता येईल अशी. कंपनीच्या कागदांवर तिचं नाव ‘उष्मापट’ होतं. पण सोलापूरच्या त्या शेडमध्ये टाके घालायला घेतलेल्या बायांनी पहिल्याच दिवशी ती उलटीपालटी करून पाहिली, तिच्यावरच्या चौकटी पाहिल्या, आणि आयुष्यभर विड्या वळून बोटं पिवळी झालेली नरसव्वा म्हणाली, "ही तर तान्ह्या पोराची वाकळ की गं, बया!" तेव्हापासून साहेब लोकही तिला वाकळच म्हणायला लागले.

या वाकळीत जुनी लुगडी नव्हती. खसखशीएवढ्या बारीक गोळ्यांत मेण कोंडलं होतं, आणि त्या गोळ्या मऊ रबरात कालवल्या होत्या. ऊब एका जागी साचू नये, सगळीकडे पसरावी म्हणून त्यात पेन्सिलीच्या शिशासारखी काळी पूड मिसळली होती. मेण वितळायला लागलं की ऊब गिळायला लागायचं, आणि सगळं वितळेपर्यंत स्वतः मात्र तापायचं नाही. सरबतात बर्फाचा खडा आहे तोवर सरबत गार राहतं, तसं. कंपनीचा तरुण इंजिनियर निनाद कोनापुरे याने बायांना हे असंच समजावलं होतं.

"म्हंजे दिसभर ऊन खायचं," अनसाबाई म्हणाली होती.

"दिवसभर खायचं, मावशी. रात्री गार हवा लागली की मेण गोठतं आणि खाल्लेली ऊब सोडून देतं. सकाळी वाकळ पुन्हा उपाशी."

"लई गुणाची हाय," नरसव्वा म्हणाली. "आमच्या घरच्यानं दिसभर खाल्लेलं रातीला बी सुटत न्हाई."

शेडभर हसू पसरलं. निनाद कानापर्यंत लाल झाला.

ही वाकळ लागायची ज्यांचं काळीज दमलं आहे त्यांना. त्यांच्या छातीत डॉक्टर एक लहानसा पंप बसवत. पंपाची तार पोटातून बाहेर येई आणि कंबरेच्या पेटीला जोडलेली असे. प्रत्येक ठोक्याला किती रक्त ढकलायचं, हे ती पेटी ठरवे. घाम आणि धूळ आत जाऊ नये म्हणून पेटी चारी बाजूंनी बंद. आणि अखंड हिशेब करणारी वस्तू तापणारच. सोलापूरच्या उन्हात तर अशी तापे की खालच्या कातडीवर फोड येत. फार तापली की आतली चिप जळू नये म्हणून पेटी आपणहून बंद पडायची. यंत्रच ते. आपला जीव वाचवताना आपल्या पलीकडे कुणाचा जीव टांगला आहे, हे त्याला कुठलं कळायला? म्हणून पेटी आणि कातडी यांच्या मध्ये वाकळ.

चौकटी शिवायच्या त्या हातानेच. मशीनची सुई वेगाने तापे आणि गोळ्या फोडत जाई. हाताची सुई गोळीला बाजूला सारून वाट काढायची. टाक्यांच्या ओळी म्हणजे वाकळीच्या बिजागऱ्या; मेण गोठून चौकटी पापडासारख्या कडक झाल्या तरी ओळींवर ती वाकायची.

अनसा गोंधळ्याच्या घरातली. नवरा संबळ वाजवायचा, तो कधीच गेला. ती दारोदार जाऊन लोकांच्या वाकळी शिवत आली होती, आणि शिवताना गाणं आपोआप ओठांवर यायचं:

पयला माझा टाका, वाकळीच्या कोरी,
उन्हाच्या गं पायी, बांधिते मी दोरी.
दुसरा माझा टाका, घालिते मी दाट,
सावली बघतीया, लेकीची गं वाट.

आज मांडीवर होती ती वाकळ तिच्याच लेकीसाठी होती. शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या घरी असा कुणी रुग्ण असेल, तर त्याची वाकळ त्याच बाईने शिवावी, असं साहेबांनीच हौसेनं ठरवलं होतं. शेवटचा कोपरा उरला तेव्हा अनसाने आजूबाजूला पाहिलं. पदराच्या गाठीतून गूळ लावलेल्या पोळीचा नखाएवढा तुकडा काढला, कोपऱ्याच्या खिशात सरकवला आणि वरून टाका घातला.

तिच्या आईने तसं केलं होतं, आईच्या आईने तसं केलं होतं. वाकळ पुरी झाली की तिला घास भरवायचा. तिचं पोट भरलेलं असलं की ती पांघरणाऱ्याला ऊब देते. उपाशी राहिली तर पांघरणाऱ्यालाच खाते. कंपनीच्या इतर वाकळींना अनसा असा घास भरवत नसे. कंपनीने बजावलंच होतं, आत कसलीही ओल जायला नको. पण ही लेकीची वाकळ. लेकीच्या अंगाशी उपाशी वाकळ कशी बांधायची?

नरसव्वाने पाहिलं. ती गालातल्या गालात हसली आणि आपल्या सुईत दोरा ओवायला लागली.

*

अंबूला लहानपणी एक ताप आला होता आणि जाताना काळीज घेऊन गेला होता. बाविसाव्या वर्षी दोन पायऱ्या चढली की तिचे ओठ निळे पडत. पंप बसवला तेव्हा ती श्वास घ्यायला पुन्हा शिकली. पण पेटीच्या चटक्यांनी कंबरेला काळे डाग पडले आणि उन्हाळ्यात तिला खोलीत कोंडून घ्यावं लागायचं. वाकळ आली आणि खोलीचं दार उघडलं.

अंबू वस्तीवरच्या बालवाडीत शिकवायला लागली. पोरांच्या मागे पळायला लागली. संध्याकाळी घरी आली की वाकळ कंबरेची सोडून खिडकीतल्या दोरीवर टाकायची. दिवसभर खाल्लेली वाकळ साईसारखी लिबलिबीत असे. रात्री घरात अंबू नुसती पडून राही, पेटीला काम कमी. पेटीवर पंखा पुरे. आणि सकाळी उठल्या उठल्या तिचा एक खेळ असायचा. दोरीवरची वाकळ काढायची आणि दाराच्या चौकटीवर आपटायची.

टक.

"ऐकलंस, आई? उपाशी आहे. आज पोटभर खाईल."

"तुज्यापरीस बरी हाय ती. खा म्हनलं की खाती तरी."

"मग हिलाच मुलगी म्हणून ठेव की."

"ठीवली आस्ती. पर ही उलट बोलत न्हाई, करमायचं न्हाई मला."

त्या ‘टक’वर अनसाचा दिवस सुरू व्हायला लागला. चूल पेटवताना, पाणी भरताना तिचे कान त्या आवाजाकडे लागलेले असत. ‘टक’ झालं की छातीतली एक गाठ सुटायची, आणि मग ती शेडमध्ये जाऊन दुसऱ्यांच्या लेकीबाळींसाठी उन्हाच्या पायी दोरी बांधत बसायची. सुख एवढंसंच असतं माणसाचं. चौकटीवर वाजणाऱ्या पट्टीएवढं.

मे उजाडला आणि रात्री यायच्या बंद झाल्या. अंधार पडायचा, चांदण्या दिसायच्या, पण रात्र म्हणून जी एक गार गोष्ट माणसाला माहीत होती ती येईना. घराचे पत्रे दिवसभर उन्हात भाजत आणि रात्रभर ती आच खाली सोडत. भिंतीला पाठ लावली की भिंत तापलेल्या माणसासारखी लागे. लोक गच्चीवर, ओट्यावर, रस्त्यावर ओली चादर घेऊन पडत आणि चादर पहाटेपर्यंत चारदा वाळे.

एका सकाळी अंबूने वाकळ चौकटीवर आपटली.

थप.

ओला हात भिंतीवर मारावा तसा आवाज. अनसाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आज हिला भूक नाही गं," अंबू हसून म्हणाली.

शेडमध्ये गेल्या गेल्या अनसाने निनादला गाठलं. "सायेब, वाकळ वाजली न्हाई सकाळी."

"वाजली नाही म्हणजे?"

तिने सांगितलं. टक आणि थप. निनादचा हात संगणकावर होता, तो तिथेच थांबला. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ पांढरं होतं, भाजलेल्या चुन्यासारखं.

"घरात रात्री फार उकडतं का, मावशी?"

"आता कुनाच्या घरात उकडत न्हाई?"

तो काही तरी म्हणणार होता. मग म्हणाला, "पंख्याखाली ठेवत जा."

"माठाला गुंडाळू का? माठ गार आस्तोय."

"नाही, नाही! पाण्याजवळ अजिबात न्यायची नाही. ओल आत गेली तर सगळंच बिघडेल. तसं लिहिलंय सूचनेत."

ओल. अनसाचा हात पदराच्या गाठीकडे गेला. गूळ लावलेला तो तुकडा तिला आठवला. पण सांगावं कसं? साहेब काय म्हणतील, अंबूची वाकळ काढून घेतील, पोर पुन्हा खोलीत कोंडली जाईल. आज रातच्याला कोपरा उसवून काढून टाकू, असं तिने ठरवलं. पण रात्री वाकळ पंख्याखाली टाकून अंबू तिच्याशेजारीच झोपली, एक हात वाकळीवर ठेवून. तिला उठवायचं अनसाच्या जिवावर आलं. उद्या, तिने मनाशी म्हटलं.

सकाळी पुन्हा थप.

"आज जाऊ नगं, अंबू."

"अगं, पोरं दारात बसून राहतील. खिचडीसाठी येतात ती. किल्ली माझ्याकडं आहे."

"किल्ली मी दिऊन येती."

"आणि खिचडीही तूच कर. आणि गाणीही तूच म्हण. मग माझी गरज काय?" अंबूने वाकळ कंबरेला बांधली, आईच्या गालाला पीठ लागलेलं पुसलं आणि गेली.

दुपारी बालवाडीतून निरोप आला. अनसा पोहोचली तेव्हा अंबू भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला. मांडीवर एक पोरगी झोपली होती. बाकीची पोरं गोल करून बसली होती आणि सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं होतं.

"बाई झोपल्यात," त्यातलं एक कुजबुजलं. "आवाज करू नका."

अनसाने पेटीला हात लावला. पेटी तापलेल्या तव्यासारखी होती आणि तिच्यात काही वाजत नव्हतं.

*

कंपनीच्या मालविका मॅडम पुण्याहून आल्या. मऊ बोलायच्या. अनसासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरला.

"ताई, आम्हाला फक्त समजून घ्यायचंय काय झालं ते. तुम्ही शिवलेली होती, तेव्हा उसवायलाही तुम्हीच बसलात तर नाजूकपणे होईल. जमेल?"

टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर अंबूची वाकळ होती. कंबरेच्या घामाचा डाग पडलेली. अनसाने सुईच्या टोकाने पहिला टाका उचलला. उसवताना गाणं म्हणायची रीत नाही. निनाद खिडकीशी पाठमोरा उभा होता.

मॅडमनी डावीकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथून सुरुवात करूया."

"तिकडं न्हाई," अनसा म्हणाली. "हिकडं हाय."

कुणी विचारलं नव्हतं. तिनेच उजवा कोपरा पुढे ओढला, टाका कापला आणि बोटाने आतला तुकडा बाहेर काढला. तो काळा पडला होता, त्यावर पांढरी बुरशी आली होती, आणि त्याच्या शेजारच्या चौकटीवर चिकट ओलसर डाग होता.

"हे काय आहे?"

"घास."

"कसला घास?"

"वाकळीचा." अनसाने त्या तुकड्याकडे पाहिलं. "तिला भूक लागू ने म्हनून."

मॅडमनी तो तुकडा फडक्याच्या कडेला सारला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ओल आत होती." एवढंच. तू मारलंस, असं कुणीही म्हटलं नाही. त्याची गरज नव्हती. खिडकीशी उभ्या निनादने मागे वळून पाहिलं नाही.

तिला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर ती घरी जाऊन पडली असती, आणि एक दिवस शेजाऱ्यांनी दार तोडलं असतं. मॅडमना तिच्यासाठी दुसरंच काम सुचलं. शेडमध्ये बऱ्याच बायांच्या घरात ही घासाची रीत होती. ती मोडायला हवी होती. "तुमच्याइतकं कुणाला पटवून सांगता येणार, ताई? दुसऱ्या कुठल्या आईवर ही वेळ येऊ नये." आणि अनसाला ते खरंच वाटलं.

मग ती सकाळी दारात उभी राहायला लागली. येणाऱ्या प्रत्येक बाईचा पदर झटकायचा, ओटी चाचपायची, गाठी सोडून बघायच्या. नव्या बाया आल्या की त्यांना ओळीत बसवून अंबूची गोष्ट सांगायची. गोष्टीसाठी एक टेबल होतं आणि टेबलावर काचेची बरणी. बरणीत तो घास.

गोंधळ्याच्या घरात वाढलेली ती. गोष्ट सांगायला लागली की ती रंगायचीच. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे तिच्या रक्तात होतं. ‘बाई झोपल्यात, आवाज करू नका,’ इथे आली की नव्या बाया पदर तोंडाला लावत. दोन-तीनदा सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिथे आपण थोडं जास्तच थांबतो आहोत. त्या रात्री तिला स्वतःच्या जिभेची किळस आली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच थांबली. मॅडमनी त्या गोष्टीचं चित्रीकरण करून घेतलं.

नरसव्वा आधी रडली होती. मग तिचं डोकं फिरलं. एकदा पदर झटकताना तिने अनसाचा हात हिसडला.

"माजी ओटी तपासतीस? लेकीला गिळून बसलीस, आन आता तिची गोष्ट इकतीस व्हय गं? थू!"

 अनसाने नरसव्वाची गाठ सोडली, आत बघितलं. तंबाखू होती. पुन्हा बांधून दिली. घरी ताटात पोळी आली की ती आताशा ताट सरकवून द्यायची. भात चाले. पोळी नाही.

*

एका दुपारी निनादने तिला आतल्या खोलीत बोलावलं. तो सुकला होता. शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसत होती. टेबलावर एक पिशवी होती.

"मावशी, थोडं उसवायचं काम होतं. दुसऱ्या कुणाला नीट जमत नाही. गोळ्या फुटतात."

पिशवीत वाकळी होत्या. एकीला खोबरेल तेलाचा वास, एकीवर चिकटलेली लाल टिकली, एकीच्या कडेला कुणी तरी रंगीत दोऱ्याने ‘आप्पा’ असं नाव काढलेलं. अनसाने त्या हातात घेतल्या आणि तिला न सांगता कळलं की या बांधणारी माणसं आता नाहीत.

ती उसवायला बसली. पहिलीचे चारही कोपरे तिने उघडले. काही नाही. दुसरीचे उघडले. काही नाही. तिसरीचे टाके पाहताच ओळखू आले. तिरपे, घाईचे, विड्या वळल्यासारखे. नरसव्वाचे. ही तर घासबंदीनंतरची वाकळ होती, अनसाने स्वतः नरसव्वाची ओटी तपासली होती. तिने कोपऱ्यात बोट घालून घालून पाहिलं. नखांनी खरवडलं.

"सायेब," ती म्हणाली. "ह्यात घास न्हाई."

"नाही."

"एकात बी न्हाई."

"हो."

"मग हे लोक कशानं गेले?"

निनादने दार लावून घेतलं. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज एखाद्या दमलेल्या पोरासारखा होता.

"मेण छत्तिसाला वितळतं, मावशी. गोठायला बत्तिसाच्या खाली यावं लागतं. रात्र बत्तिसाच्या खाली आलीच नाही, तर ते गोठत नाही. वाकळ सकाळी भरलेलीच असते. भरल्या पोटी ती ऊब गिळणार कशी? पेटी तापते, आणि..." तो थांबला. "आमच्या प्रयोगशाळेत रात्र चोवीस अंशांची होती. एसी चालू असायचा. तिथे ती रोज सकाळी वाजायची. तुमच्या पत्र्याखालच्या रात्रीत आम्ही ती कधी टांगून पाहिलीच नाही."

"आन अंबूच्या वाकळीतला घास?"

"घासानं एक चौकट बिघडली होती. एका चौकटीनं काही होत नाही."

अनसा वाकळीवरून हात फिरवत राहिली. "तुमाला कवा कळलं?"

"तुम्ही सांगायला आलात ना, वाजली नाही म्हणून. तेव्हाच शंका आली होती. त्या रात्री मी स्वतःची एक घरी टांगून पाहिली."

"मंजे अंबू तवा जिती व्हती."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"माठाला गुंडाळली आस्ती तर?"

बाहेर शेडमध्ये कुणी तरी हसलं. कुलरचं पाणी टपटपत होतं. "गोठली असती," निनाद आपल्या हातांकडे बघत म्हणाला. 

"मला का सांगितलं न्हाई?"

"तुम्हीच बोट दाखवलंत, मावशी," तो म्हणाला, आणि शब्द बाहेर पडल्यावर स्वतःच दचकला. "आम्ही काही म्हटलंच नव्हतं. मॅडमना वाटलं, पाऊस पडला की रात्री गार होतील. तोवर नवं मेण येईल, जास्त अंशांवर गोठणारं. वाकळी परत मागवल्या तर लोकांकडे काहीच उरणार नाही. दिवसा तरी थोडी कामाला येते ना ती... आणि घासाचं कारण सगळ्यांना पटलं होतं."

सगळ्यांना. तिलाही. तिलाच आधी.

तिला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. इतके दिवस निदान एक गोष्ट होती: अंबूला मी मारलं, माझ्या हाताच्या घासाने मारलं. वाईट होतं, पण ते आई आणि लेकीतलं होतं. आता तेही काढून घेतलं होतं. अंबू कुणाच्या प्रेमाने गेली नव्हती. कुठल्या तरी गार खोलीत कुणी तरी रात्र मोजायला विसरलं होतं, एवढंच. आणि अनसा दारात उभी राहून ओट्या तपासत होती. तिच्या कानांना टक आणि थप यांतला फरक ठाऊक होता. दारातून आत येणाऱ्या एकाही बाईला तिने तो सांगितला नव्हता. त्यांच्या हातून ज्यांच्या कंबरेला वाकळी गेल्या, त्यांना कोण सांगणार होतं? तिला तेवढा वेळ नव्हता. ती गोष्ट रंगवत होती.

टेबलावरचं ‘आप्पा’ हे नाव गुलाबी दोऱ्याने काढलेलं होतं. नातीने काढलं असावं.

"मावशी," निनाद म्हणाला, "हे बाहेर नको. मी मॅडमशी बोलतोय. थोडे दिवस."

"किती जनांकडं हाईत अजून वाकळी?"

निनाद उसवलेल्या वाकळी पिशवीत भरायला लागला.

दारावर टकटक झाली. मॅडमच्या माणसाने डोकं आत घातलं. "अनसाबाई, नवी तुकडी येऊन बसलीय. गोष्ट सांगायची ना?"

अनसा उठली. ‘आप्पा’ लिहिलेली, अजून न उसवलेली वाकळ तिने उचलली. निनादने हात पुढे केला, मग मागे घेतला.

बाहेर नव्या बाया ओळीत बसल्या होत्या. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आलेल्या, बसच्या उन्हाने चेहरे उतरलेल्या. टेबलावर बरणी होती. बाया बरणीकडे पाहत होत्या आणि कोपऱ्यात बसलेली नरसव्वा मान फिरवून सुईत दोरा ओवत होती. तिला ही गोष्ट पाठ होती.

अनसाने बरणी उचलून खाली जमिनीवर ठेवली. नरसव्वाची सुई थांबली. निनाद आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. अनसाने वाकळ दोन हातांनी धरली, अंबू धरायची तशी, आणि टेबलाच्या कडेवर आपटली.

थप.

बायांना काही कळलं नाही. एक पोरसवदा बाई फिस्सकन हसली आणि गप्प झाली.

अनसाच्या ओठांवर रोजचं पहिलं वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं. आवाज खाली आणला नाही, कुठे थांबलीही नाही. शेजारणीला पाण्याचं विचारावं तसं साधंच तिने विचारलं:

"बायांनो, आधी मला येवडं सांगा. तुमच्या घरात रातच्याला शेवटचं गार कवा झालं हुतं?"